इन्सुलेशन थंड देशांचं? मग आपल्या तापलेल्या स्लॅबचं काय?

उन्हाळ्याच्या तोंडावर एक मजकूर हमखास फिरतो: ‘इन्सुलेशन बर्फाच्या देशांसाठी. आपल्याकडे लावलं तर उष्णता घरात कोंडते. गच्चीला चुना मारा, पैसे वाचवा.’ (इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर.) नागपूर-अकोल्याकडे वरच्या मजल्यावर राहणारी माणसं असलं वाचून गच्चीचं काम रद्द करतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘थंड देशांसाठी’ हे पहिलंच चूक. उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते, देश कुठलाही असो. इंग्लंडात पोटमाळ्यावर 270 मिलिमीटर खनिज लोकर (दगड किंवा काचेच्या तंतूंची गादी) अंथरतात ती घरातली ऊब टिकावी म्हणून. विदर्भात तसाच थर बाहेरचा ताप अडवतो. मराठवाड्यातलं माळवद तरी काय होतं? लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. तो काढून आपण स्लॅब ओतला.

खरी गोम या स्लॅबमध्ये आहे. 5 सेंटिमीटर थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट सुमारे 2 मीटर जाड लागेल. आपला स्लॅब 12-15 सेंटिमीटरचा. दिवसभर तापलेला हा स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’ने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीने, छतातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे, नुसता स्लॅब तीत बसत नाही.

‘कोंडते’ यात थोडं तथ्य आहे. स्वयंपाकाची, माणसांची, खिडकीतून आलेल्या उन्हाची उष्णता मग छतातून सहज निघत नाही. त्यासाठी संध्याकाळनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा. छतावर थर घातलाच नाहीत तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता दिवसा आत येते.

चुना जरूर मारा, हात आखडता असेल तर आधी तोच. तो ऊन परतवतो. पण धुळीने काळवंडतो, पावसात धुपतो, दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. थराला तो पूरक आहे, पर्याय नाही.

पैसे वसूल होतात का? वरच्या मजल्यावर रोज तासन्‌तास एसी चालत असेल तर बिलात फरक पडतो. एसी नसेल तर बिल फारसं उतरणार नाही, झोप मात्र लागेल. मधल्या मजल्यावर राहत असाल तर छतावर खर्च करू नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा.

आणि कृपा करून खोलीत छताला उघडा थर्माकोल चिकटवू नका, आगीत तो वितळतो आणि पेटतो. गच्चीवर वॉटरप्रूफिंग, त्यावर वजन पेलणारे इन्सुलेशनचे बोर्ड, त्यावर कोबा, असं काम करून घ्या. गच्ची नव्याने करणार असाल तर ठेकेदाराशी आत्ताच बोला. कोबा झाल्यावर तो फोडावा लागतो.