पदवी आहे, हात बसलेला नाही

उद्योगांना आणि बांधकामाला तांत्रिक पदवीधर मिळत नाहीत, असं एका लेखात वाचलं. ते खरं आहे, पण अर्धंच. मी बरीच वर्षं साइटवर काढली आहेत. नवीन आलेला इंजिनिअर वॉटर-सिमेंट रेशोची, म्हणजे काँक्रीटमधल्या पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणाची, व्याख्या घडाघडा सांगतो. पण मिक्सरवाला ‘माल घट्ट झालाय’ म्हणत त्याच्यासमोर जादा पाण्याची बादली ओततो, तेव्हा गप्प उभा राहतो. कारण स्लम्प कोन, काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते तपासायचा तो 300 मिमी उंचीचा साधा साचा, त्याने फक्त जर्नलमध्ये काढलेला असतो, तोही शेजारच्याचा बघून. जादा पाण्याने काँक्रीट किती कमजोर झालं, हा त्या बादलीचा हिशोब 28 दिवसांनी क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुना ठोकळा, फोडताना लागतो. तोवर वर आणखी एखादा स्लॅब पडलेला असतो.

बरं, जो पोरगा हे सगळं वर्षभरात शिकतो, तोच सॉफ्टवेअरकडे पळतो. का नाही पळणार? ठेकेदाराचं बिल अडकलं की याचा पगारही अडकतो. आणि जाहिरातीत मात्र ‘किमान 3 वर्षं अनुभव’! तो अनुभव द्यायचा कोणी? शेवटचं सेमिस्टर पूर्ण वेळ साइटवर किंवा कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर काढायला लावा, आणि स्टायपेंड तेवढा वेळेवर द्या.