बारा बंद आणि एक पोर

ज्या गावातून चादरी, टॉवेल आणि शाळांचे गणवेश गाड्या भरभरून बाहेर जातात, त्या सोलापुरात पाच वर्षांच्या पोराचा एक सदरा घरी शिवायला काढला, की शेजारच्या काकू पहिला प्रश्न हाच विचारतात, "विकत मिळतंय की गं! कशाला डोळे फोडून घ्यायलीस?" याला धड उत्तर नाही. स्वस्त पडतं म्हणावं, तर कापड, रीळ, बटणं, काज करून देणाऱ्याचे पैसे आणि चुकलेल्या बाहीसाठी पुन्हा आणलेलं पाव मीटर धरलं, की नवी पेठेतला तयार सदरा जिंकतो. वेळ वाचतो म्हणण्याइतकं धाडस माझ्यात नाही. खरं कारण एकच आहे. तयार कपडा ठरावीक मापाच्या मुलासाठी शिवलेला असतो, आणि तसं मूल अजून कुणाच्या घरी जन्माला आलेलं नाही.

मोठ्यांचं ब्लाउज उत्तम शिवणाऱ्या बायका मुलांच्या कपड्यांत हमखास आपटतात, त्याचं मूळ डोक्यात आहे. म्हणजे मुलाच्या डोक्यात. पाच वर्षांच्या मुलाची छाती साधारण २२ ते २३ इंच भरते आणि डोक्याचा घेर २० इंच. मान मात्र जेमतेम ११. मानेचं माप घेऊन सुबक गळा कापला, तर तो कपडा मानेला शोभतो खरा, पण मानेपर्यंत पोचत नाही. डोकं कानांशी अडकतं, आतून रडणं ऐकू येतं, आणि बाहेरून आपण "हात वर कर, हात वर कर" म्हणत ओढत राहतो. एकतर गळ्याचा घेर २१ इंचांचा ठेवा, नाहीतर पाठीला पाच इंचांची फाट देऊन वर एक बटण लावा. तीन वर्षांखालच्या मुलांना बटणही नको, कारण त्यांच्या मते बटण हा खाण्याचा पदार्थ आहे. तिथे बंदच बरे.

दुसरी भानगड पोटाची. या वयात कंबर नावाचा भाग अंगावर नसतो. छाती २२, तर पोटही जवळजवळ तेवढंच, वर पुढे आलेलं. त्यामुळे झबल्याची पुढची आणि मागची बाजू सारख्या लांबीची कापली, की पुढचा घेर पोटावर चढतो आणि मागचा लोंबतो. पुढचा भाग खाली मधोमध पाऊण इंच जास्त ठेवून बगलेकडे निमुळता आणायचा. हे मला कुठल्याही शिवणक्लासच्या वहीत दिसलेलं नाही, कारण वहीतल्या मुलीला पोट नसतं.

माप घेणं हा सगळ्यात करमणुकीचा टप्पा, फक्त करमणूक आपली नसते. टेप छातीला लावली, की पोर श्वास रोखून पैलवान होतं. कमरेला नेली, की गुदगुल्या होऊन गडबडा लोळतं. त्यातून निघालेला आकडा कुणाचाही असू शकतो. त्यापेक्षा पोर झोपल्यावर त्याचा नीट बसणारा जुना सदरा जमिनीवर पसरावा, वर्तमानपत्रावर त्याची बाह्यरेषा काढावी, चारी बाजूंनी पाऊण इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरावी. वर्तमानपत्र कापायला घरातली दुसरी कात्री घ्या. कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्याला आमच्या घरात क्षमा नाही, तो कितीही लहान असो. कागदाने धार गेली, की कात्री मलमल कापत नाही, चावते.

कापड आधी भिजवा. कोऱ्या सुती कापडाचं शेकडा तीन ते पाच आटणं ठरलेलं, म्हणजे दोन मीटरमागे सहा ते दहा सेंटिमीटर. दुकानदार "आटत नाही ताई, लिहून देतो" म्हणाला, तर लिहून घ्यावं आणि तरी भिजवावं. नळाला पाणी येईल त्या दिवशी बादली मोकळी ठेवायची एवढंच सोलापूरकराला वेगळं सांगावं लागतं. रात्रभर साध्या पाण्यात, मग न पिळता सावलीत. वाळवण्यासाठी ऊन शोधायची गरज नाही, आपल्याकडचं ऊन सावलीतही असतं. मीठ घालून रंग पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. कच्चा रंग मिठाच्या पाण्यात थोडा उशिरा जातो, इतकंच.

कापताना उभा धागा मुलाच्या उंचीच्या दिशेने हवा. ताण्या-बाण्याच्या गावात हे सांगायला नको, पण हत्तींच्या छापाच्या मोहात माणसं तेही विसरतात. छाप एकाच दिशेचा असेल आणि कापड खांद्यापाशी आडवं दुमडून कापलं, तर पुढचे हत्ती चालतात आणि पाठीवरचे शीर्षासन करतात. दोन्ही बाह्या डाव्या निघतात त्याचंही कारण साधं आहे. पुढच्या मुंढ्याचा खोलगट आकार एकेरी कापडावर दोनदा काढला, की दोन डाव्या बाह्या तयार. सुलट बाजू आत ठेवून घडी घातली आणि एकदाच कात्री चालवली, तर बाह्या आपोआप जोडीने येतात.

आता मुख्य विषय, बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायचा सदरा. संक्रांतीला सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, त्यांचे सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि १४ जानेवारीच्या सुमारास अक्षता सोहळा. त्या गर्दीत पांढऱ्या बाराबंदीत आपलंही पोर दिसावं असं प्रत्येक घरातल्या आजीला वाटतं. आजीला ते वाटतं डिसेंबरच्या अखेरीस, आणि तोवर शिंप्याने "आता पुढच्या वर्षी" असं सांगून टाकलेलं असतं.

पाच वर्षांच्या मुलाला ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) दीड मीटर पांढरं कापड पुष्कळ होतं. कटिंगची एकच मोठी चूक होते. पुढचे दोन भाग शर्टासारखे मधोमध भेटतील असे कापले जातात. बाराबंदीचे पल्ले एकमेकांवर चढायला हवेत, म्हणून प्रत्येक भाग मध्यरेषेच्या पलीकडे तीन-साडेतीन इंच न्यायचा. गळ्याला आणि पल्ल्याच्या तिरक्या काठाला सव्वा इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. ती किंचित ताणून लावली, की काठ अंगालगत बसतो. सैल लावली, की लाटा येतात, आणि त्या इस्त्रीने जात नाहीत, कितीही रागाने फिरवली तरी.

मग बंद. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. मुलासाठी एकेक नऊ इंचांचा धरला, तरी १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर नाडी शिवायची. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या आडव्या पन्ह्यातून काढा, प्रत्येकीचे चार तुकडे होतात. दोन्ही कडा मधोमध दुमडून पुन्हा दुमडल्या, की एका सेंटिमीटरहून जराशी कमी रुंदी उरते. त्यावर काठाने एक टीप. नळी शिवून सेफ्टी पिनने उलटवायची पद्धत दिसते सोपी, पण तिसऱ्या बंदाला पिन आतल्या आत उघडते आणि तोंडातून संक्रांतीला न शोभणारे शब्द निघतात. तिळगूळ अजून वाटायचा असतो. उरेब कापडाचे बंद करू नका, ते ओढून ओढून दोरीसारखे लांबतात. आणि आतल्या पल्ल्याच्या बंदाचा जोडीदार आतच बांधता येईल असा, समोरच्या बगलेच्या शिवणीत आतून धरायचा. तो बाहेर राहिला, तर बारापैकी एका बंदाला जोडीदार मिळत नाही आणि पोर तो दिवसभर फिरवत बसतं.

अशा वेळी मशीन रुसतं. खाली धाग्याचा गुंता आला, की सगळे बॉबिनला दोष देतात. गुन्हेगार बहुधा वरचा धागा असतो. तो घोडा (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना ओवलेला असतो, म्हणून टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो. घोडा उचलून पुन्हा ओवा, सुरुवातीचे चार टाके दोन्ही धाग्यांची टोकं मागे धरून मारा. टाके सुटत असतील, तर सुई बदला. पांढऱ्या सुतीला १४ नंबर, पातळ मलमलीला ११. तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल घातलं, की महिन्यात मशीनच्या पोटात चिकट राळ तयार होते. तेल दिल्यावर आधी चिंधीवर हातभर टीप मारा, कारण ते तेल नेमकं पांढऱ्या कापडावर, छातीच्या मधोमध उतरतं. उतरलंच, तर टाल्कम पावडर चोळून तासभर ठेवा, मग भांड्यांचा साबण.

मुलं या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, आणि त्यातली निम्मी वाढ आपण शिवत असतानाच होते अशी माझी समजूत आहे. म्हणून खाली तीन इंचांची पट्टी दुमडा, फ्रॉक असेल तर घेरावर अर्ध्या इंचाच्या तीन टक्स (शिवून घातलेल्या आडव्या चुण्या) घाला. प्रत्येक टक एक इंच कापड पोटात ठेवते. लोक त्याला डिझाइन म्हणतात, म्हणू द्या. पुढच्या वर्षी टक उसवली, की तिथे न विटलेल्या रंगाची गडद रेघ दिसते. तिच्यावर झिगझॅग लेस लावली, की ते पुन्हा डिझाइन होतं. सरळ टिपेचे टाके दहा-बारा प्रति इंच ठेवा, पण टक्सला आठ. उसवायच्याच आहेत त्या.

खाली धोतर शिवलेलंच द्या, कमरेला इलॅस्टिक. कमर २१ असेल, तर इलॅस्टिक १९ कापा, नेफा इलॅस्टिकपेक्षा पाव इंच रुंद. ओवताना मागचं टोक दुसऱ्या पिनने कापडाला टाचून ठेवा, नाहीतर ते मुकाट्याने आत शिरतं आणि सगळं पहिल्यापासून. खऱ्या धोतराचा हट्ट आजीने धरला, तर मिरवणुकीच्या ऐन गर्दीत "मला शू आली" हे ऐकायची तयारी आजीनेच ठेवावी.

आणि बंदांची टोकं दुमडून दुहेरी टीप मारा. मुलं ती चावतात. चावून ओल्या झालेल्या बंदाची गाठ नखाने सुटत नाही. विणायची बोथट सुई पर्समध्ये असू द्या, कात्री मुद्दाम घरी ठेवा.