मपलं मेपल

मराठवाड्यात गिटारची नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची लांब मान, कशाची आहे हे सांगणं हीच पहिली परीक्षा. कुणी विचारतं, "कशाचं लाकूड हाय हे?" आपण सांगतो, "मेपल." समोरचा शांतपणे म्हणतो, "तुपलं हाय ते कळलं, पण लाकूड कशाचं?" परभणी-बीडकडच्या बोलीत ‘मपलं’ म्हणजे माझं आणि ‘तुपलं’ म्हणजे तुझं, त्यामुळे यात त्या माणसाची काही चूक नाही. मग सागवान नाही, शिसव नाही, बाभूळ तर नाहीच, असं एकेक झाड बाद करत कॅनडाच्या झेंड्यावरच्या पानापर्यंत यावं लागतं. तिथे पोचलो की पुढचा प्रश्न तयार असतो: "मग पॉलिश का नाही केलं? पैसे संपले व्हय?"

प्रश्न झोंबतो, कारण तो बरोबर आहे. मेपलला पॉलिश लागतंच. शिसवाच्या जातीच्या लाकडात अंगचं तेल असतं आणि रंगही गडद, त्यामुळे त्याची फ्रेटबोर्डाची, म्हणजे तारा दाबायची, पट्टी उघडी ठेवली तरी वर्षानुवर्षं अब्रू राखून असते. मेपल टणक खरं, पण कोरडं आणि पांढरंफटक. बोटांचा घाम, कातडीचं तेल, तारांचा झिजलेला धातू आणि आपल्याकडची धूळ असं सगळं त्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. शर्टाच्या कॉलरवर काळी रेघ कशी उमटते, तसंच. फरक एवढाच की इथे मानच कॉलर आहे आणि ती बादलीत भिजवता येत नाही. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे पट्टीवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या) काळं, पुढे राखाडी, बाराव्याच्या पुढे स्वच्छ पांढरं. कोण किती वर चढून वाजवतो हे त्यावरून उघड होतं, आणि बहुतेकांचं उघड न झालेलंच बरं.

हा रोग जुना आहे. १९५०च्या दशकात फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरची नेक फ्रेटबोर्डासकट मेपलची असायची, वरून लॅकर, म्हणजे चकचकीत पॉलिश. वाजवून वाजवून लॅकर झिजलं की खालचं लाकूड काळं पडायचं. १९५९मध्ये दोन्ही गिटारींवर रोझवूडची, म्हणजे शिसवाच्या जातीच्या लाकडाची, पट्टी आली. आता तोच झिजलेला काळपटपणा कारखान्यात मुद्दाम करून, ‘रेलिक’ म्हणून जास्त पैशांना विकतात. आपला मळ मात्र फुकटचा, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

तरीही कोरी, म्हणजे बिनपॉलिशची, नेक ठेवायची हौस का? एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की चकचकीत लॅकरवर अंगठा चिकटतो, रेक्झिनच्या सीटवर पाठ चिकटावी तसा. कोऱ्या लाकडावर हात सुळकन सरकतो. ज्याला ती चटक लागली त्याला कितीही समजावा, तो लॅकरकडे परत जात नाही. मीही त्याच पंथातला, तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला नाही. साफसफाई सांगतो.

पहिलं संकट पाण्याचं. आपल्याकडे पाण्याला नको म्हणणारी वस्तू विरळाच, पण कोरं मेपल त्यातलं. ओल्या फडक्याने पुसलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि नेक दाढीच्या खुंटासारखी लागते. पाणी बोअरचं असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग वेगळे.

दुसरं संकट म्हणजे तेल. वस्तू कुरकुरली, सुकली किंवा नुसती उदास दिसली तरी तिला तेल लावायचं ही आपली संस्कृती. बैलगाडीच्या आसापासून पोरांच्या टाळूपर्यंत सगळं तेलावर चालतं. म्हणून गिटार मांडीवर दिसली की आजी खोबरेल पुढे करते, मामा करडईचं सुचवतात आणि शेजारचे काका शेंगदाण्याचं. इथे थोडं रसायनशास्त्र उपयोगी पडतं. तेल हवेत सुकून कडक होणार का, याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो. ढोबळमानाने ते १३०च्या वर हवं. खोबरेलाचं दहाच्या आसपास, म्हणजे ते जन्मात सुकत नाही. लाकडात बसून खवट होतं आणि धुळीला बोलावत राहतं. शेंगदाण्याचं नव्वदीच्या आगेमागे, म्हणून तेही बाद. करडई १४०च्या घरात. सुकते, पण बँकेच्या रांगेच्या वेगाने. जवसाचं १७० ते २००, हेच खरं कामाचं. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीवर घेतो, त्याचंच तेल युरोपातले चित्रकार शेकडो वर्षं रंगात कालवत आले.

पण घाण्यावरचं कच्चं जवस तेल सुकायला कित्येक दिवस घेतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल्ड लिनसीड’ मिळतं ते घ्यावं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ती बाटली स्वयंपाकघराच्या वाटेलासुद्धा जाऊ देऊ नये. आणि घरचं तेल गॅसवर उकळून तसलं बनत नाही. बनतो तो धूर.

तेल लावण्याआधी मळ काढायचा. तारा उतरवा. नेक चार स्क्रूंवर बसवलेली असेल तर खोलून घ्या, काम निम्म्याने सोपं होतं. मळ तेलकट आहे, म्हणून तो नाफ्थ्याने सुटतो. नाफ्था म्हणजे लायटरमध्ये भरायचं द्रव. ते लगेच उडून जातं आणि तंतू उभे करत नाही. दोन फ्रेटांमधल्या घरासाठी फडक्यावर दोन-तीन थेंब पुरतात. आधी घासा, लगेच कोऱ्या बाजूने पुसा, नाहीतर सुटलेला मळ शेजारच्या घरात जाऊन बसतो. खिडक्या उघड्या आणि देवघरातला दिवा विझलेला हवा. गाडीतलं पेट्रोल नको, त्यात नको ती मिश्रणं असतात. रॉकेल नको, ते मागे तेलकट थर ठेवतं. रंगवाल्यांचा एनसी थिनर तर नकोच, तो फ्रेटबोर्डावरचे प्लास्टिकचे ठिपके विरघळवून टाकतो.

मग स्टील वूल, म्हणजे कापसासारखी बारीक लोखंडी तार, चार शून्यांची (सगळ्यात बारीक). जालन्याची सळई सगळीकडे जाते, पण जालन्यात ही स्टील वूल मागून बघा. "शून्य, शून्य, शून्य, शून्य? मग द्यायचं काय?" असं म्हणून दुकानदार भांडी घासायची तारेची घासणी पुढे करतो. ती घेऊ नका. ती मेपलवर असे ओरखडे काढते की पुढचा महिना पॉलिशपेपर घासण्यात जातो. स्टील वूल मिळेपर्यंत ४०० नंबरचा पॉलिशपेपर चालतो, पण हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि फ्रेटांवर मास्किंग टेप लावून. स्टील वूल मिळाली आणि नेक गिटारवरच असली तर टेप पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागावर, आधी लावा. तिचा लोखंडी चुरा पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतो आणि तो काढणं म्हणजे मिशीतून गूळ काढणं.

इथे थांबायचं कळलं पाहिजे. छिद्रांत खोल गेलेला काळेपणा पूर्ण जात नाही. तो घालवायचाच असा हट्ट धरणारा दोन फ्रेटांच्या मध्ये खड्डा पाडून ठेवतो, आणि खड्डा कुठल्याच तेलाने भरत नाही. सत्तर टक्के मळ निघाला की मी काम झालं म्हणतो. उरलेल्याला अनुभव म्हणावं.

हळदीचं प्रकरण वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. वरण-भात खाऊन, हात ‘धुतल्यासारखा’ करून कुणी नेक धरली की तिच्यावर पिवळा पंजा उमटतो. वसमतची हळद असेल तर रंगात काही कसर राहत नाही. नाफ्था या डागापुढे हात टेकतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन त्यात फारसं विरघळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं. अल्कोहोलने निघेल तेवढं काढा आणि उरलेल्याला सकाळचं ऊन थोडा वेळ दाखवा, हळदीचा रंग उजेडात उडतो. फक्त साबण लावू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते; कुंकू करतात ते याच तत्त्वावर. म्हणजे नेकवर हळदीशेजारी कुंकूही, आणि वाण लुटायला गिटारवाला मोकळा.

आता तेल. नेक साफ आणि कोरडी झाली की एकदाच, मुद्दाम, किंचित ओलसर फडकं फिरवायचं, वाळू द्यायचं आणि उभे राहिलेले तंतू ६०० नंबरच्या कागदाने कापायचे. मघाशी पाण्याला नको म्हटलं ते खरंच, पण पॉलिशवाल्या सुताराला विचारा, तोही हेच करतो. मग अख्ख्या नेकला चहाचा एक चमचा तेल, म्हणजे ५ मिली. पळी नव्हे. पातळ लावा, दहा मिनिटांनी सगळं पुसून काढा. "थोडं राहू द्या, जिरेल" हा विचार मनात आला की दुसऱ्या दिवशी नेकवर गुळाच्या पाकासारखा चिकट थर तयार असतो. २४ तास थांबा, दुसरा हात द्या. तिसरा दिला तर उत्तम. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा किंवा फर्निचर वॅक्सचा पुसट हात. गुळगुळीतपणा जात नाही, मळ मात्र लाकडात न शिरता वरच अडतो. तेल नको असेल तर सुताराकडचा चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, घ्या: १०० मिली स्पिरिटमध्ये १० ते १२ ग्रॅम, रात्रभर विरघळवून, गाळून. लवकर सुकतो, दिसतो सुंदर. पण घामाने झिजतो आणि पुढे कधी अल्कोहोल लावलं तर उठून येतो.

तेलाच्या फडक्याबद्दल मात्र विनोद नको. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. चुरगाळलेला बोळा कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता साठत जाऊन तो आपोआप पेटू शकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला तेवढी मदतही लागत नाही. फडकं बाहेर वळणीवर एकेरी पसरा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. वाळून पापडासारखं कडक झालं की मग टाका.

स्क्रू परत बसवताना टोकाला मेण लावा आणि आधी उलटं फिरवा. ‘टक’ करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. घाई करून नवा आटा पाडला तर मेपल तडकतं.

राहिली हवा. लाकूड कितीही तेल प्यायलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. मेमध्ये नेक रुंदीला आक्रसते, फ्रेटचा धातू आक्रसत नाही, म्हणून कडेला टोकं बाहेर येऊन कानसीसारखी लागतात. लगेच घासायला बसू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती बरीच आत जातात, घासलेली टोकं मात्र परत येत नाहीत. आणि गिटार कूलरसमोर ठेवू नका. दुपारी दमट वारा, रात्री कूलर बंद, सकाळी लू, अशात माणसाची मान धरते, तिथे तिची वाकणारच. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यावर तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. लग्नपत्रिका गेली तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या पोटातली तिला सरळ ठेवणारी सळई, फिरवायची वेळ झाली. एका वेळी पाव फेरा, मग रात्रभर विश्रांती.

रोजचं काम सोपं आहे. वाजवायच्या आधी हात धुऊन कोरडे करा, वाजवून झालं की कोरडं फडकं मागून-पुढून फिरवा. तारा बदलाल तेव्हा नाफ्थ्याचा एक हात, वर्षातून एकदा तेल. फडकं जुन्या धोतराचं असेल तर त्यासारखं दुसरं नाही. फक्त त्याला गाठ मारून ते गिटारच्या पेटीतच ठेवा. बाहेर राहिलं की चार दिवसांत ते गॅसच्या ओट्यावर सापडतं, आणि मग नेकला फोडणीचा वास येऊ लागतो.