केशरी आभाळ, जांभळी कळसूबाई
वा! एका लेखातलं कळसूबाई शिखराचं रंगीत लिनोकट (लिनो म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र) बघून स्क्रोल करायचं थांबलोच. आभाळ चक्क केशरी, मधले डोंगर जांभळे आणि खाली भातखाचरं पोपटी, म्हणजे खऱ्यात असं दिसत नाही पण पावसाळा सरताना संध्याकाळी पायथ्याच्या बारी गावातून वर बघितलं की वाटतं मात्र अगदी असंच. सहा रंग आणि लिनोचा तुकडा एकच, हे वाचून तर हातच जोडले. कॉलेजात मी एकदा करून पाहिलंय, आधी फिका रंग छापायचा मग त्याच तुकड्यातून अजून कोरून काढायचं, त्यावर पुढचा गडद, असं करत शेवटी लिनोवर फारसं काही उरतच नाही, त्यामुळे सुरुवातीला कागद घेतले तेवढ्याच प्रती, नंतर वाढवायची सोय नाही. (पिकासोनेही १९५० च्या दशकाच्या शेवटी हीच पद्धत वापरली.) माझा तिसऱ्या रंगाला कागद जरासा सरकला आणि डोंगराला डबल कडा आली, सर म्हणाले भूकंप झाला का रे?

लेखातल्या या चित्रात मात्र कोरणीचे फटकारे मुद्दाम तसेच ठेवलेत, त्यातूनच बेसॉल्टचे थर दिसतात, कमाल! फक्त शिखरावरचं देऊळ एवढं मोठं नको होतं, १६४६ मीटरवरचं ते इवलंसं आहे हो.