कॅमेरा बांधायचा, पण कुठे आणि कसा?

मुलांनी आसपासच्या प्राण्यांच्या नोंदी कशा घ्याव्यात यावरचा एक लेख वाचला. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, ‘झाडाला बांधून ठेवावा’ एवढंच त्यात आहे. खरी गोम त्यापुढे आहे. यातला सेन्सर प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक टिपतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की हा फरक जवळजवळ उरतच नाही. रोही (नीलगाय) समोरून गेला तरी फोटो निघेलच असं नाही. उलट वाऱ्याने हलणारं तापलेलं गवत रिकाम्या फोटोंनी कार्ड भरून टाकतं. म्हणून समोरचं चार-पाच मीटर गवत आधी कापा, तोंड उत्तरेकडे ठेवा. मसन्याऊद, सायाळ टिपायची तर कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, ४०-५० सेंटिमीटर, आणि पांदणीकडे (शेतातल्या वाटेकडे) जरा तिरपा. वाटेला अगदी काटकोनात लावला तर नुसतं शेपूट मिळतं. तारीख-वेळ चुकीची असेल तर सगळी मेहनत वाया.

जागा वावराच्या धुऱ्यावरची (बांधावरची) बघा, जंगलात वनविभागाची परवानगी लागते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी शिक्षकांच्या खात्यातून टाकलेल्या बऱ्या. आणि खवल्या मांजर दिसलं तर नेमकं ठिकाण झाकाच. नकाशे शिकारीही बघतात!