रद्दीचा पुठ्ठा ‘झीरो कार्बन’? नाही हो

द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की रद्दीपासून बनलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या झीरो कार्बन असतात आणि मिलच्या चिमणीतून फक्त वाफ निघते. अर्धंच खरंय. पांढरं दिसतं ती बहुतेक वाफच, पण कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही ना, मग डोळ्यांनी काय मोजणार?

रद्दी वापरली की झाडं वाचतात, मान्य, पण लगदा वाळवायला वाफ लागतेच, सगळ्यात जास्त एनर्जी तिथेच जाते, आणि बॉयलरमध्ये कोळसा असला तर त्याचा धूर स्कोप १ मध्ये (म्हणजे मिलने स्वतः केलेलं थेट उत्सर्जन) धरतात, विकतची वीज स्कोप २ मध्ये (आपल्या ग्रीडला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड), आणि रद्दी गोळा करणारे ट्रक, पेटी पिंपळगावला पोचवणं वगैरे मिलबाहेरचं बाकीचं स्कोप ३ मध्ये. बगॅस (उसाचं चिपाड) जाळलं तर त्याचा कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवतात, मिथेन मात्र मोजावाच लागतो.

कमी करायचं तर आधी प्रेस (ओल्या कागदातलं पाणी दाबून काढणारे रोलर) सुधारा. ड्रायरआधी कागदाचा कोरडेपणा १ टक्क्याने वाढला तर वाफ साधारण ४ टक्के वाचते, छपरावरचं सोलर नंतर बघू. आणि पेटी घेताना सप्लायरला पुठ्ठ्याच्या टनामागचा कार्बनचा आकडा विचारा, त्यात कुठला स्कोप धरलाय तेही.