टर्कीला म्हणे रोगच होत नाही!

आठवड्यातून एकदा तरी हा मेसेज माझ्या मोबाइलवर येऊन पडतो: "टर्कीला रोग होत नाही. गावरान कोंबड्यांत सोडून द्या. लस नको, हळद-लसणाचं पाणी पाजा. खर्च शून्य. चुकून मरतुक झालीच तर गुपचूप पुरा, नाहीतर बर्ड फ्लू म्हणून सगळंच उचलून नेतील." परभणीकडं काही वर्षं टर्की पाळतोय, म्हणून एकदाचं उत्तर लिहूनच टाकतो.

'कोंबड्यांत सोडून द्या' हे सगळ्यात घातक. ब्लॅकहेड नावाचा रोग आहे. त्याचा परजीवी कोंबडीच्या आतड्यातल्या एका बारीक जंताच्या अंड्यात बसून विष्ठेतून बाहेर पडतो. कोंबडीला सहसा काही होत नाही. ती हिंडते, अंडी घालते. जंताची अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. ती गांडूळ गिळतं, आणि मृगाच्या पावसानं वर आलेलं गांडूळ टर्की आवडीनं टिपते. मग पक्षी पंख पाडून, डोळे मिटून उभा राहतो, गंधकासारखी पिवळी हगवण लागते. माझ्या चौदातल्या अकरा गेल्या. शेजारी कोंबड्या ठणठणीत, म्हणून मी तीन दिवस 'वारं लागलं असेल' म्हणत घालवले. शवविच्छेदनात काळजावर, म्हणजे यकृतावर, गोल गोल खड्डे निघाले. डोकं मात्र एकीचंही काळं पडलं नव्हतं, तेव्हा नावावर जाऊ नका.

साधं प्रतिजैविक या परजीवीला मारत नाही. टर्कीला वेगळी जागा द्या, तीही कोंबड्या कधी न हिंडलेली, आणि डॉक्टरांना विचारून वेळेवर जंतनाशक.

हळद-लसूण भाजीत चांगले. मानमोडी (राणीखेत) आणि पक्ष्यांची देवी हे विषाणूचे रोग. त्यांना लसच लागते. विषय संपला.

खर्च शून्य? मोठी टर्की हिरवा चारा भरपूर खाते, लसूणघासावर खाद्याची बचत होते, एवढं खरं. पण पिल्लाचं काय? पहिल्या आठवड्यात त्याला 35 अंशांच्या आसपास ऊब हवी, खाद्यात 28 टक्के प्रथिनं हवीत. कोंबडीच्या पिल्लाचं खाद्य पुरत नाही. शिवाय हे पिल्लू इतकं भोळं की खाद्य समोर असताना उपाशी मरतं. मी भांड्यात रंगीत गोट्या टाकतो, त्यावर चोच मारता मारता ते खायला शिकतं. सुरुवातीचे दिवस उकडलेलं अंडंही कुस्करून द्यावं लागतं. हे सगळं फुकट होत असेल तर मलाही शिकवा.

आणि 'गुपचूप पुरा'? जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू निघाला. तिथं कुणी गुपचूप पुरल्या असत्या तर? एकदम मरतुक झाली की पक्षी उघड्या हातानं फाडू नका, उकिरड्यावर टाकू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मेसेजच्या तळाशी पिल्लांच्या विक्रीसाठी एक नंबर आहे. मी लावून पाहिला. म्हटलं, "दादा, तुमच्या टर्क्या कोंबड्यांतच असतात का?"

"छे हो, टर्कीचं शेड वेगळं आहे आमचं."